कायम वस्ती नाही

माझं अक्षर चांगलं आहे. आयटीआयमध्ये वायरमनच्या वर्गाला शिकवत होतो तेव्हा मी फळ्यावर काढलेली आकृती पुसायला मुलं तयार नसत. त्याच अक्षरात नऊ वर्षांपूर्वी मी एका फॉर्मच्या शेऱ्याच्या रकान्यात तीन शब्द लिहिले. ते खोटे होते, आणि लिहिताना मला ते माहीत होतं. आजवर ज्यांनी मला सभांमधून हार घातले त्यांनी हे वाचावं, म्हणून लिहितो आहे.

तेव्हा सोलापुरातल्या सहा-सात संस्था एकत्र आल्या होत्या. आमच्या बौद्ध वस्तीतलं अभ्यासिका चालवणारं मंडळ, बचत गटांचा महासंघ, विणकर समाजाची एक जुनी संस्था, निवृत्त इंजिनियरांचा गट, मेंढपाळांची संघटना, आणखी एकदोन. एकेकट्याने कुणालाच काही जमत नव्हतं. कुणाकडे गाडी होती पण माणसं नव्हती, कुणाकडे माणसं होती पण पॅनेल म्हणजे काय हे कुणाला माहीत नव्हतं. म्हणून समिती झाली. जिल्ह्यात ज्या वाड्या-वस्त्यांवर विजेचे खांब पोचले नव्हते तिथे सौर वीज न्यायची, एवढंच काम. एक शेड, आत बॅटऱ्या, वर पॅनेल, तिथून प्रत्येक घराला दोन दिवे आणि एक पंखा, बोअरवर पंप, आणि सगळ्यांत मिळून पिठाची एक गिरणी.

बैठका विणकर संस्थेच्या हॉलमध्ये होत. शेजारी टॉवेलचे माग चालायचे, त्यामुळे बोलणाऱ्याला ओरडूनच बोलावं लागे. त्या संस्थेचे म्हातारे अध्यक्ष म्हणायचे, "बरंय, इथं कुणाला कुजबुजता येत नाही."

पहिल्याच वर्षी एक भांडण झालं. जो तो आपल्याच लोकांची नावं यादीत वर ढकलतो, असं सगळे एकमेकांना म्हणू लागले. तेव्हा मी उठून एक नियम सुचवला. कुठल्याही वस्तीची पाहणी दोघांनी करायची, दोघे वेगवेगळ्या संस्थांचे, आणि ती वस्ती त्या दोघांपैकी कुणाच्याच समाजाची नसावी. दोघांनी डोळ्यांनी बघायचं, दोघांनी सही करायची. नियम एकमताने मंजूर झाला. आमच्या पाहणीला मान आला तो त्यामुळे. तालुक्याच्या कचेऱ्यासुद्धा आमच्या फॉर्मच्या प्रती मागून घेत, कारण आमचा कागद खरा असतो असं सगळे धरून चालत.

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या साली एकच सौर संच शिल्लक राहिला होता. यादीत पुढचं नाव माळशिरस तालुक्यातल्या एका धनगर वस्तीचं होतं. माळावरची अकरा घरं. त्याखालचं नाव माढा तालुक्यातलं, आमच्या समाजाची वस्ती. तिथे माझी धाकटी बहीण राहत होती.

बहिणीला दमा होता. चुलीच्या धुराने तो वाढायचा. डॉक्टरांनी वाफेचं मशीन दिलं होतं, पण ते लावायला मूळ गावात जावं लागे, कारण खांब गावापर्यंतच आले होते. छातीत घरघर लागली की तिचा मुलगा तिला सायकलवर बसवून दीड कोस न्यायचा. मी भेटायला गेलो की ती हसून टोमणा मारायची. "दादा, जिल्हाभर दिवे लावत हिंडतोयस म्हणे. आमचा नंबर कवा, मी गेल्यावर का?"

तिची वस्तीही गरजवंतच होती. हे मी सबब म्हणून सांगत नाही. दोन्ही वस्त्या गरजवंत होत्या आणि संच एक होता, एवढंच खरं आहे. पण यादीत आधी कोण होतं हेही खरं आहे.

धनगर वस्तीची पाहणी माझ्याकडे आली. जोडीला महासंघाच्या अक्का होत्या. अक्कलकोटकडच्या, माझ्यापेक्षा वयाने लहान, पण सगळे त्यांना अक्काच म्हणायचे. जिल्हाभरच्या बायकांचा त्यांच्या शब्दावर भरवसा. दिवाळी होऊन महिना-दीड महिना झाला होता. जीप ओढ्यापर्यंत गेली, पुढे चालत जायचं होतं. अक्कांचा गुडघा सुजला होता.

"अण्णा, तुम्ही बघून या की. तुमचे डोळे काय आणि माझे काय, एकच. मी आल्यावर सही करते."

मी एकटा माळ चढलो.

आता जे सांगतो ते नीट वाचा. दसरा-दिवाळी झाली की त्या भागातले धनगर मेंढरं घेऊन कालव्याच्या, उसाच्या पट्ट्याकडे जातात. माळावर गवत उरत नाही. मिरगाच्या आधी परत येतात. घरं त्यांचीच, जमीन त्यांचीच, मतदान तिथलंच. हे मला पुरतं माहीत होतं. आमच्या समितीतला मेंढपाळांचा प्रतिनिधीही दिवाळीनंतर मेंढरांमागे जायचा आणि हिवाळ्यातल्या बैठकांना त्याची खुर्ची रिकामी असायची. आम्ही मात्र पाहण्या हिवाळ्यातच करायचो. रस्ते कोरडे असतात आणि मार्चच्या आत वर यादी द्यायची असते.

अकरा घरांपैकी दहा बंद होती. दारांना कुलपं, अंगणाला बाभळीच्या काट्यांची आडवण. अकराव्या घरात एक म्हातारी आणि तिची बाळंतीण सून होती. दोरीवर लंगोट वाळत होते. चार अशक्त कोकरं कुडाला बांधली होती. सुनेने मला तांब्याभर पाणी दिलं. मी ते सगळं प्यालो. म्हातारी म्हणाली, "समदी मिरगाला येत्यात की. मागच्या खेपंला बी लोकं बघून गेली. लाईट कवा यायची, साहेब?"

"बघू," मी म्हणालो.

परत येताना मी ओढ्याच्या अलीकडे एका दगडावर बसलो आणि फॉर्म भरला. 'पाहणीच्या दिवशी अकरापैकी दहा घरे बंद.' हे खरं होतं. इथं मी थांबलो असतो तर समितीने चौकशी केली असती. मी पुढे लिहिलं, 'कायम वस्ती नाही.'

अक्कांनी जीपमध्ये बसूनच सही केली. वाचलंसुद्धा नाही.

संच माढ्याला गेला. उद्घाटनाच्या दिवशी बहिणीने बटण दाबलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि ती सगळ्यांदेखत माझ्या गळ्यात पडून रडली. त्यानंतर ती चार वर्षं जगली. घरात मशीन लावून, स्वतःच्या खाटेवर बसून वाफ घ्यायची. शेवटच्या दिवसांत ती म्हणाली, "दादा, ही वर्षं तुझी." मला तिला सांगायचं होतं की ही वर्षं माझी नाहीत, मी ती उचलून आणली आहेत. सांगितलं नाही.

माझे तीन शब्द कुठे कुठे फिरले ते मला या पावसाळ्यात कळलं.

अभ्यासिकेत बसलो होतो. चाळिशीच्या आतली एक बाई लंगडत आत आली. डोईवर पदर, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद.

"सर तुमीच का? कमिटीची जुनी कागदं तुमच्याकडं असत्यात म्हनं."

"कुठून आलात?"

"माळशिरसाकडनं. माळावरची अकरा घरं." तिने कागद उघडून माझ्यापुढे ठेवला. झेरॉक्सची झेरॉक्स होती, कडा काळ्या पडलेल्या. पण माझं अक्षर मी ओळखणार नाही? "ह्ये कुनी लिवलंय तेवढं सांगा. सही कुनालाच वाचता ईना."

तिने मला ओळखलं नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते.

"कायम वस्ती न्हाय म्हनं. आमी काय हवंत ऱ्हातो व्हय? टँकर मागाय गेलो तर ह्योच कागद पुढं. अंगनवाडी मागाय गेलो तर ह्योच कागद. आमच्या बोअरचं पानी खाली गेलं, हापशाला ईना झालं, तवा खानीच्या हिरीवर जायाला लागलो. तितनंच पडले मी भरल्या घागरीसंगं. पाय वाकडाच बसला." पायाबद्दल ती असं बोलली की जणू शेजारणीच्या पायाबद्दल सांगते आहे. "आता मेंढरामागं जायाला येत न्हाय. सासू हुती तवर ती घर राखायची, आता म्या राखते. नव्या यादीत नाव घालाया गेले, तर म्हनले हा शेरा काढून आना."

मी म्हणालो, "जुना कागद आहे. शोधावं लागेल."

ती चहा प्याली. उठताना म्हणाली, "सापडला तर त्याला म्या काय करनार न्हाय. निस्तं आमच्या माळावर येऊन बग म्हनावं, उनाळ्याचं."

दुसऱ्यांदा खोटं बोललो होतो, आणि या वेळी तर बहिणीचंही कारण नव्हतं. तीन दिवस मला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी अक्कलकोटच्या गाडीत बसून अक्कांकडे गेलो.

अक्का आता साठी ओलांडून पुढे गेल्यात. बचत गटाच्या बायकांबरोबर कडक भाकरीचं काम चाललं होतं. बायका जेवायला गेल्यावर त्या एकट्याच भाकरी उन्हात पसरत होत्या.

"अक्का, माळशिरसच्या त्या फॉर्मवर आपल्या दोघांच्या सह्या आहेत."

"असतील की. मग?"

"वस्ती कायम होती. मी खोटं लिहिलं."

त्यांचा हात थांबला नाही. एक भाकरी, दुसरी भाकरी. "बहिणीसाठी," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"उद्घाटनाच्या जेवणात तुम्ही दोन घास खाऊन उठलात. तिखट लागतंय म्हणालात. अय्यो, सोलापूरचा माणूस आणि आमटी तिखट लागती! तवाच कळलं मला, काहीतरी गिळता येईना झालंय ह्यांना."

"मग बोलला का नाहीत?"

आता त्या खाली बसल्या. "बोलायचं तर मी जीपमधून उतरले नव्हते हे आधी सांगायला पाहिजे. एक गुडघा, अण्णा. एका गुडघ्यासाठी मी न बघता सही केली. आता सांगितलं तर जिल्हाभर बायका म्हणतील, अक्कानं आणखी कुठं कुठं डोळे झाकून सही केली असेल?"

"मी एकटा सांगतो. तुमचं नाव घेत नाही."

"सही माझीच आहे की त्याच्यावर. नाव कसं लपवणार?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "येते मी बैठकीला. पण तुम्ही आधी बोलायचं."

आमच्या मंडळातल्या लोकांना मी आधी सांगितलं. एक जुना सहकारी हात जोडून म्हणाला, "सर, तुमची चूक तुमची. पण बोलताना लोक तुमचं नाव घेणार नाहीत, आपल्या समाजाचं घेतील." तो घाबरला होता आणि त्याचं घाबरणं बरोबर होतं. म्हणून इथे स्वच्छ लिहितो. माझ्या मंडळाला, माझ्या समाजाला, माढ्याच्या त्या वस्तीला यातलं काही माहीत नव्हतं. माझ्या बहिणीलाही नव्हतं. हे एका माणसाचं काम आहे.

भाद्रपदात बैठक झाली. मेंढपाळांचा प्रतिनिधी हजर होता, कारण मेंढरं अजून माळावरच होती. मी उभा राहिलो आणि बोललो. पलीकडे माग चालू होते.

"ऐकू येत नाही," अध्यक्ष म्हणाले. हे समितीचे अध्यक्ष, निवृत्त इंजिनियर, काटेकोर माणूस. "जोरात बोला."

मग मला ते ओरडून सांगावं लागलं. मी खोटा शेरा लिहिला. बहिणीच्या वस्तीला संच मिळावा म्हणून लिहिला. मी दोनदा ओरडलो. माझ्यामागोमाग अक्का उठल्या. "मी जीपमध्ये होते. सही माझी, बघणं ह्यांचं. मी काही बघितलं नाही."

मेंढपाळांचा माणूस माझ्याकडे वळला. मला वाटलं, शिव्या देईल. तो म्हणाला, "मास्तर, ह्या हालात आमचा सगळ्यात जास्त इस्वास तुमच्यावर हुता. तुमी बी आमच्यावानी रांगंत शेवटाला हुबी राहिल्याली मानसं, म्हनून."

मी समजत होतो की खरं सांगितलं की शेरा खोडला जाईल आणि वस्तीचं नाव यादीत जाईल. त्या एका आशेवर मी तिथे उभा होतो. झालं उलटंच. अध्यक्ष म्हणाले, दोघांनीही पाहणी झाली नाही असं सांगितलं आहे, तेव्हा ती पाहणीच रद्द. नवी करावी लागेल. आणि हे सगळं बाहेर गेल्यावर आमच्या कागदावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून नियम कडक करायला हवा. तिघांनी जायचं, व्हिडिओ काढायचा, आणि पाहणीच्या दिवशी निम्म्याहून जास्त घरं उघडी दिसली तरच वस्ती कायम धरायची.

"आवो, हिवाळ्यात दारं उघडी कशी असतील?" मेंढपाळांचा माणूस उठून उभाच राहिला. "आत्ता या की. आत्ता समदी हायेत."

"आत्ता काळ्या मातीत गाडी जाते का? आणि सगळ्या तालुक्यांचा कार्यक्रम पौषात ठरलाय. एकासाठी बदलला तर पुन्हा तेच, झुकतं माप. आजच तर त्याचा अनुभव आला."

हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मतं पडली. नियम मंजूर झाला. पहिला नियम मी केला होता आणि दुसराही माझ्यामुळेच झाला. निम्म्याहून जास्त म्हणजे सहा घरं.

दिवाळीच्या आधी मी वस्तीवर गेलो. अक्काही आल्या. ओढ्यापाशी जीप थांबली तसा मी म्हणालो, तुम्ही बसा. त्या माझ्याआधी खाली उतरल्या. काठी टेकत टेकत, चार ठिकाणी बसत, त्या माळ चढल्या.

लंगडी बाई दारात होती. मी तिला सांगितलं की तो कागद मी लिहिला. अभ्यासिकेत मी तिच्याशी खोटं बोललो, हेही सांगितलं. ती आत गेली, मला वाटलं आता बाहेर येणार नाही. बाहेर आली ती माझ्या तोंडाकडे नीट बघत.

"तुमी पानी पिलासा त्या दिशी. तांब्याभर. म्याच दिलं हुतं."

"हो."

"बाळंतीन हुते. हापशाला दम लागायचा." एवढंच. मग तिने अक्कांना बसायला घोंगडं टाकलं. मला उभंच ठेवलं.

वस्तीतले बापये जमले. मेंढपाळांच्या माणसाने त्यांना नवा नियम आधीच सांगितला होता आणि त्यांचं ठरलंही होतं. अकरापैकी सहा घरं या वर्षी जाणार नव्हती. आपापली मेंढरं घेऊन माळावरच राहणार होती.

मी म्हणालो, "असं करू नका. इथं चारा नाही. मी पुन्हा समितीत भांडतो, लेखी देतो, मी—"

"तुमचं लिवनं आता ऱ्हाऊ द्या," एक म्हातारा म्हणाला. शांतपणे म्हणाला.

पौष अर्धा सरला आहे. मी दर आठवड्याला एसटीने जातो. मला कुणी बोलावत नाही, कुणी जा म्हणत नाही. सहा दारं उघडी आहेत. दिवसभर उघडीच ठेवतात, कोण कधी येईल सांगता येत नाही म्हणून. मेंढरं बाभळीच्या शेंगा खातात, मागच्या सालचा कडबा खातात, तो संपल्यावर घरावरच्या पाचटाला तोंड लावतात. त्यांच्या पाठीची हाडं लोकरीतून दिसतात. चाऱ्यावाचून आयांना दूध नाही, त्यामुळे कोकरं जगत नाहीत. परवापर्यंत सात गेली होती.

पाहणी काल होती. मी सकाळीच पोचलो. बायकांनी अंगणं सारवली होती. सगळ्या बाप्यांनी पटके बांधले होते आणि दारादारात बसून होते, जणू फोटो काढायचा आहे. दुपारी मला समितीच्या कचेरीतून फोन आला. जीप दुरुस्तीला गेली आहे, आणि तिघांपैकी एकजण परगावी गेला आहे. पाहणी पंधरा-वीस दिवस पुढे गेली.

मी फोन खिशात ठेवला. लंगडी बाई माझ्याकडेच बघत होती.

"आज येनार हुते न्हवं?"

नऊ वर्षांपूर्वी इथंच उभा राहून मी 'बघू' म्हणालो होतो. ते तोंडाशी आलं होतं. "नाही," मी म्हणालो. "आज नाही येत. पंधरा-वीस दिवस तरी नाही."

ती कुडाकडे वळली. एक मेंढी सकाळपासून उठली नव्हती. तिच्यापाशी बसून तिने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तोंडात घोटभर पाणी सोडून बघितलं. पाणी बाहेर आलं. पलीकडच्या दारांतले बापये अजून पटके बांधून बसले होते, त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. मी पिशवीतून वही काढली. दारं उघडी, सहा. माणसं, लहानथोर मिळून एकोणतीस. चूल पेटलेली, सहा घरांत. मेलेली कोकरं, सात. जे दिसत होतं तेवढंच लिहीत गेलो.

"लिवा," ती मान वर न करता म्हणाली. "तेवढं तर येतंय तुमाला."